पावसात भिजलेली फुलं फुलदाणीत लावायची तर

भाद्रपदात आमच्या कोल्हापूरच्या परसात डेलिया, झिनिया, गुलाब आणि हौदाकडेचा सोनटक्का सगळे एकदम फुलतात, आणि पाऊस काही पाठ सोडत नाही. फुलं कोरडी मिळायची वाट बघत बसले तर फुलदाणी दसऱ्यापर्यंत रिकामीच राहायची.

उघडीप मिळाली की कात्री आणि पाण्याची बादली घेऊन बाहेर पडा. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. देठ लांब ठेवून तिरका कापा आणि लगेच पाण्यात सोडा. डेलियाची घट्ट कळी कापली तर ती घरात उमलत नाही, तेव्हा उमललेलंच फूल घ्या. मात्र उलटं करून मागच्या पाकळ्या बघा, त्या मऊ पडल्या असतील तर झाडावरच राहू दे. झिनियाचा देठ फुलाखाली वीतभर धरून हलवा. मान लुळी डोलली तर अजून दोन दिवस थांबा.

आता पाणी काढायचं. इथे माझी तीन वर्षं गेली.

पहिल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या रात्री अकरा डेलिया ओलेच आणून पितळी तांब्यात खोचले. थेंबांसकट काय सुंदर दिसत होते! सकाळी एकाला बोट लावलं तर पाकळ्यांचा अख्खा झुबका हातात आला, आत तपकिरी चिकट लगदा. डेलियाची प्रत्येक पाकळी पन्हळीसारखी वळलेली असते, तिच्यात पाणी साठून राहतं. बागेत ते वाऱ्याने सुकतं. बंद खोलीत सुकत नाही, मग करडी बुरशी धरते. दुसऱ्या वर्षी कोथिंबिरीची जुडी झटकावी तशी फुलं झटकली. चार माना मोडल्या. तिसऱ्या वर्षी थेट पंख्याखाली ठेवली, तर पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या आणि गाभा ओलाच.

आता मी करते ते असं. फुलाच्या अगदी खाली देठ दोन बोटांत धरायचा, फूल उलटं करायचं आणि दुसऱ्या हाताने देठावर टिचकी मारायची. थोडं फिरवायचं, पुन्हा टिचकी. थेंब टपटप पडतात, लपलेल्या मुंग्याही. रुमालाने किंवा टिश्यूने पुसायला जाऊ नका. पाकळी घासली गेली की दुसऱ्या दिवशी तिथेच डाग पडतो. गाभ्यात अडकलेल्या थेंबासाठी समईची कोरडी कापसाची वात घ्या आणि तिचं टोक थेंबाला नुसतं टेकवा. वात थेंब ओढून घेते, पाकळीला धक्का लागत नाही. गुलाबाला हाच उपाय. मग फुलं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी खोल बादलीत, पडवीत दोन तास उभी ठेवा. पंखा लावायचाच असेल तर त्याचं तोंड भिंतीकडे करा.

आणि ‘फुलांवर अधूनमधून पाणी शिंपडा, ताजी राहतात’ हा सल्ला विसरा. फुलवाल्याला ते चालतं, कारण त्याला माल संध्याकाळपर्यंतच टिकवायचा असतो. कापलेलं फूल पाणी पितं ते मुख्यतः देठातून.

पाण्यात बुडतील ती पानं काढा, वरच्या पानांवरचा चिखल धुवा. फुलदाणी काचेची किंवा चिनीमातीची घ्या, कारण 1 लिटर पाण्यात 1 चमचा साखर, 2 चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे चार-पाच थेंब घालायचे आहेत. ब्लीच वगळून नुसती साखर घातलीत तर जंतूंना जेवणाचं आमंत्रण. अ‍ॅस्पिरिनची गोळी, तांब्याचं नाणं हे सगळं करून झालंय, मला तरी फरक दिसला नाही. गुलाबाचे देठ ठेचायला सांगणाऱ्यांना तर मी उत्तरही देत नाही. ठेचल्याने पाणी ओढणाऱ्या नळ्याच चिरडतात. लावताना पुन्हा बोटभर तिरका काप द्या. जड डेलिया काठाला टेकवून खाली, झिनिया वर. पाणी दिवसाआड बदला. फुलदाणी गणपतीपुढच्या फळांच्या परडीपासून लांब ठेवा. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलं लवकर मान टाकतात.

राहिला सोनटक्का. त्याला टिचकी नको, वात नको. पाकळ्या इतक्या तलम की हात लावला तरी काळवंडतात. भिजलेली फुलं सरळ खुडून टाका आणि नुसता कळ्यांचा तुरा आणा. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास कळ्या घरातच उमलतात, कोरड्या ठणठणीत, आणि रात्रभर घर घमघमतं.