गावचा विकास आराखडा आलाय, मजले वाढणार म्हणतात: हरकत (किंवा पाठिंबा) नोंदवायची कशी

नगरपरिषदेचा नवीन प्रारूप विकास आराखडा (गावात घरं कुठं, रस्ते कुठं, शेती कुठं हे ठरवणारा कच्चा नकाशा) प्रसिद्ध झाला की दोन दिवसांत गावात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आमच्या गावाचं पुणं करू नका, दुसरी म्हणते मग आमच्या पोरांनी घरं घ्यायची कुठं. पारावर, सलूनमध्ये, व्हॉट्सअॅपवर नुसता धुरळा उडतो आणि या सगळ्यात मुदत निघून जाते, कागदावर मात्र कोणीच काही दिलेलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, दोन्ही पार्ट्यांसाठी.

माझं मत आधीच सांगतो. मजले वाढायला माझा विरोध नाही. गावात परवडणारा फ्लॅट मिळाला नाही की माणसं हद्दीबाहेर गुंठा-दोन गुंठ्याचे तुकडे घेतात, तिथं ना रस्ता ना गटार, आणि मग ही गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले तुकडे) नियमित करा म्हणून वर्षानुवर्षं खेटे. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच आणावा लागला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लावावा लागला, यावरून समजा किती लोक त्यात अडकलेत. पण मजले कुठं वाढणार, कुठल्या रस्त्यावर, आणि पाणी कुठून येणार, हे विचारायलाच हवं, आणि ते लेखी.

सगळ्यात आधी नोटीस शोधा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम २६ असं त्यात लिहिलेलं असेल. राजपत्रात आणि स्थानिक पेपरात येते, नगरपरिषदेच्या फलकावर लागते. नगरपरिषदेच्या आराखड्याला सहसा ३० दिवस असतात, पण नोटिशीतली तारीखच खरी धरा. आणि हरकत घ्यायला तिथं तुमची जमीन असलीच पाहिजे असं काही नाही, भाड्यानं राहणारा माणूससुद्धा देऊ शकतो. हे खूप जणांना माहीतच नसतं!

मग ऑफिसात जाऊन नकाशा बघा. दोन नकाशे असतात, एक आत्ताचा जमीन वापर आणि दुसरा प्रस्तावित, दोन्ही शेजारी ठेवून बघा. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती, आणि कालचा हिरवा आज पिवळा कुठं झालाय तिथं बोट ठेवा. आपला गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर हातात असू द्या, नाहीतर त्या रेषांच्या जंगलात काहीच सापडत नाही. भाग नकाशाची प्रत आणि सोबतचा अहवाल विकत मागा, ते द्यायची तरतूद कायद्यातच आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकून बसू नका, त्याच्या उत्तराला ३० दिवस आणि हरकतीलाही ३० दिवस, उत्तर येईपर्यंत इकडचं दार बंद झालेलं असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बहुतेक वाद इथंच भरकटतो. किती मजले होणार हे नुसत्या पिवळ्या रंगावर ठरत नाही, ते ठरतं एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीवर, जी डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे (लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर अशी ठिकाणं वगळलीत). दाट गावठाणाबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१० आहे. त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (दुसरीकडं आरक्षणातली जमीन दिल्याबद्दल मिळालेला बांधकामाचा हक्क, तो विकत घेता येतो), आणि हे दोन्ही रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर ते मिळतच नाहीत, रस्ता रुंद होत जाईल तसे वाढत जातात. म्हणजे नकाशात तुमची गल्ली ६ मीटरची ९ मीटर दाखवली की तिथं इमारत किती मोठी होऊ शकते तेच बदललं. म्हणून रंगापेक्षा डीपी रोडची, म्हणजे आराखड्यात दाखवलेल्या रस्त्याची, रुंदी आधी बघा.

हिशोब करून बघू. १० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. १.१० नं ११०० होतात, त्यावर बाल्कनी-जिना वगैरेसाठी अधिमूल्य (प्रीमियम) भरून ६० टक्क्यांपर्यंत जादा मिळतो, म्हणजे आणखी ६६०, एकूण १७६०. एका टू बीएचकेला सगळं धरून ७० चौरस मीटर पकडले तर २५ घरं. घरटी ५ माणसं, १२५ माणसं, आणि भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी हा केंद्राचा निकष आहे, तर एका प्लॉटला रोज जवळजवळ १७ हजार लिटर. आता तुमच्याकडं नळाला पाणी एक दिवसाआड येतं की चार दिवसांनी, हे तुम्हाला माहीत आहेच. हा हिशोब कागदावर मांडून दिला की बाकी भाषण करायची गरजच पडत नाही.

रस्त्याचं मात्र जागेवर जाऊन मोजा. संध्याकाळी चारपाच जण टेप घेऊन निघा. नकाशात ९ मीटर लिहिलंय आणि जागेवर एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला तीन घरांचे ओटे, मधे एमएसईबीचा डीपी (विजेची पेटी), त्याला टेकून लावलेल्या मोटरसायकली, आणि राहिलेल्या जागेत टेप ठेवला तर ५ मीटर पण भरत नाही, अग्निशमनची गाडी वळणार कशी? तारखेसकट फोटो काढा, टेपचा आकडा दिसेल असा. आणि हेही बघा की रुंदीकरणाची रेषा कुणाच्या ओट्यावरून, कुणाच्या पुढच्या खोलीवरून जाते, कारण त्या घरातल्या माणसाला बऱ्याचदा अजून पत्ताच नसतो.

मग बैठक घ्या, देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या वर्गात, कुठंही. फक्त "इमारती हव्या की नको" असा प्रश्न ठेवू नका, एवढंच पाळा. तो प्रश्न ठेवला की आजोबा लोक एका बाजूला, तरणी पोरं दुसऱ्या बाजूला, आणि रात्री अकरापर्यंत ताकास तूर लागत नाही. त्यापेक्षा नकाशा भिंतीला लावा आणि एकेक रस्ता घ्या. स्टँडसमोरचा १८ मीटरचा रस्ता, इथं चार मजले झाले तर कुणाला काय अडचण आहे? आतली गल्ली, इथं काय चालेल? असं विचारलं की कट्टर विरोध करणारे काकासुद्धा म्हणतात, स्टँडजवळ होऊ दे की. भाड्यानं राहणाऱ्यांना मुद्दाम बोलवा, त्यांना कोणी बोलवत नाही आणि घर नसण्याचा त्रास खरा त्यांनाच. वाडा विकायला काढलेल्याला पण बोलू द्या, त्याला बिल्डरचा माणूस म्हणून गप्प बसवायचं नाही, वडिलोपार्जित घराची डागडुजी करायला पैसे नसणं हा काही गुन्हा नाही.

ज्याच्या जमिनीवर मैदान, शाळा असं आरक्षण पडलंय त्याचा प्रश्न वेगळा आहे. अंतिम आराखड्यानंतर १० वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ खाली नोटीस देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. ते वकिलाकडूनच करून घ्या.

लिहिताना चार ओळीत येऊ द्या: कुठं, काय, का, आणि त्याऐवजी काय. म्हणजे असं: "प्रस्तावित नकाशात गट नंबर अमुकलगतचा रस्ता ९ मीटर दाखवला आहे. जागेवर तो ४.८ मीटर आहे, फोटो जोडले आहेत. पाणीपुरवठा चार दिवसांनी होतो. तरी हा रस्ता ६ मीटर ठेवावा आणि वाढीव बांधकाम स्टँड रोडकडे प्रस्तावित करावे. मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी." "गावाचं गावपण जपा" असं लिहून काही पदरात पडत नाही, सुनावणी घेणाऱ्या समितीनं त्यावर करायचं तरी काय. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सपेक्षा दहा जणांनी आपापल्या गल्लीचं लिहिलेलं केव्हाही चांगलं. आणि ज्यांना आराखडा पटलाय त्यांनी पण लिहा! कायद्यात हरकती आणि सूचना असे दोन्ही शब्द आहेत, पाठिंबा देणारे घरीच बसतात आणि मग फाईलमध्ये नुसता विरोधच दिसतो.

पत्र नोटिशीत सांगितलेल्या पत्त्यावर, सहसा मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या. "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" म्हणाले तर ठेवून यायचं नाही. पोच नाही तर पत्र नाही.

सुनावणी नियोजन समितीपुढं होते, नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. वेळ अगदी थोडा मिळतो, त्यामुळं फोटो आणि पाण्याचा हिशोब वरच ठेवा, पहिलं वाक्य गट नंबरनं सुरू करा, आणि आधीच्या नगराध्यक्षांनी काय केलं त्यात शिरू नका.

यानंतर आराखडा बदलांसह सरकारकडं जातो. सरकारनं मोठे बदल सुचवले तर त्या भागापुरत्या परत हरकती मागवतात, ती नोटीस चुकवू नका. आणि आराखडा मंजूर झाल्यावरही पेपर वाचणं सोडू नका, कारण कलम ३७ खाली एखाद-दुसऱ्या गटाचा हिरव्याचा पिवळा करता येतो, त्यालाही एक महिन्याची हरकतीची मुदत असते आणि ती जाहिरात आतल्या पानावर बारीक अक्षरात छापून येते. गल्लीतल्या दोघातिघांनी वाटून घ्या, कुणी कुठला पेपर बघायचा ते, आणि नगरपरिषदेच्या फलकासमोरून जाताना एक चक्कर टाकत जा.