डफाच्या ठेक्यावर ‘आतला प्रवास’ कसा करायचा (आणि मुख्य म्हणजे परत कसं यायचं)

मी हे करते असं सांगितलं की लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो “म्हणजे भुताटकी का?” आणि दुसरा लगेच “ए मग माझा प्राणी कोणता ते सांग ना!” दोघांनाही माझं उत्तर एकच, पंधरा मिनिटं आडवं पडायचं, डफ ऐकायचा आणि उठल्यावर जे दिसलं ते वहीत लिहायचं, बस एवढंच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीत चुका करायला भरपूर जागा आहे आणि माझ्या त्या बहुतेक सगळ्या करून झाल्यात, म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ही न कळताच उडी मारणारे फार भेटतात. हा प्रवास मुळात शामनचा, म्हणजे तंद्रीत जाऊन आत्म्यांच्या जगाशी बोलणाऱ्या, जमातीच्या वैदू-मांत्रिकाचा. शामन हा शब्द सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतला, रशियनमधून तो युरोपात गेला. तिकडे शामन होणं हा छंद नव्हता, बऱ्याच ठिकाणी माणूस आधी विचित्र आजारी पडायचा, मग जुना शामन त्याला तयार करायचा, आणि मग आयुष्यभर लोकांची दुखणी, शिकार, मेलेल्यांची वाट असली कामं गळ्यात. काही जमातींत तर डफालाच शामनचा घोडा म्हणतात, त्याच्यावर बसून जायचं. आज आपण शहरातल्या खोलीत हेडफोन लावून जे करतो ते वेगळं आहे. ते रूप आलं मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडून. ते १९५० आणि ६० च्या दशकात इक्वेडोर आणि पेरूच्या जंगलात राहिले, तिथल्या लोकांकडून शिकले, मग अनेक परंपरांमधला समान भाग काढून १९८० साली पुस्तकातून लोकांसमोर ठेवला. त्यावर टीकाही झाली, की तुम्ही मुळं तोडून नुसती फांदी विकताय. मला ती टीका बऱ्यापैकी पटते आणि तरी मी हे करते, काय करणार.

फक्त स्वतःला शामन म्हणवून घेऊ नका. नॉर्वेच्या उत्तरेला अँडर्स पोल्सन नावाचे एक वृद्ध सामी (सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी) होते, १६९१ मध्ये त्यांचा डफ जप्त झाला, जादूटोण्याचा खटला चालला आणि १६९२ मध्ये निकाल यायच्या आधीच कोठडीत त्यांचा खून झाला. तो डफ अधिकृतपणे सामी लोकांच्या ताब्यात परत आला कधी, तर २०२२ मध्ये! सोव्हिएत काळात सायबेरियातही डफ जप्त करून शामन लोकांना तुरुंगात टाकलं गेलं. ज्या गोष्टीसाठी लोकांनी एवढं भोगलं ती वीकेंडच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन नावापुढे लावायची हे मला तरी जमत नाही.

आता कोणी करू नये ते. फिट्स येत असतील, सायकोसिस किंवा बायपोलरचा इतिहास असेल, नुकताच मोठा धक्का बसला असेल तर हे घरी एकट्याने करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. गाडी चालवताना ते रेकॉर्डिंग लावू नका (हसू नका, लावणारे आहेत). आणि डफाबरोबर कसलाही काढा नको. आयावास्का या अमेझॉनमधल्या भास घडवणाऱ्या काढ्याबद्दल सगळे फार रोमँटिक बोलतात पण त्यातल्या वेलीत एमएओ हे शरीरातलं एन्झाइम रोखणारी द्रव्यं असतात आणि डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर ती एकत्र आली तर सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन हे रसायन अति वाढणं) होऊन जिवावर बेतू शकतं. डफाने काम होतंय, तेवढं पुरे.

तयारी. रेकॉर्डिंग असं निवडा ज्यात बासरी, पक्षी, मंत्र, बाईचा गूढ आवाज असं काहीही नाही, नुसता एकसुरी डफ, मिनिटाला साधारण २०५ ते २२० ठोके, म्हणजे सेकंदाला साडेतीनच्या आसपास. पहिली दोन मिनिटं कंटाळा येतो, चिडचिडही होते, तो बरोबर वेग. शेवटी परतीचा इशारा हवाच, म्हणजे डफ थांबतो, सात जोरदार ठोके असे चार वेळा, मग अर्धा-एक मिनिट फार जलद वाजतं आणि परत तेच सात सात ठोके. हा इशारा नसलेलं रेकॉर्डिंग घेऊ नका, परत यायची खूण नसेल तर माणूस झोपतो तरी किंवा अर्धवट भिजल्यासारखा दिवसभर फिरतो. पहिल्या वेळेला १० मिनिटं खूप झाली.

हा ठेका डोक्यात नक्की काय करतो यावर भांडण आहे. अँड्र्यू नेहर यांनी १९६० च्या सुरुवातीला मांडलं की ठरावीक वेगाचे ठोके मेंदूच्या लहरींना आपल्या मागे ओढतात. त्यावर गिल्बर्ट रूजे या फ्रेंच संगीत-अभ्यासकाचा मुद्दा मला फार आवडतो, की असं असेल तर अर्धी आफ्रिका वर्षभर तंद्रीतच दिसायला हवी. म्हणजे नुसता डफ पुरत नाही, तुम्ही कशासाठी आडवे झालात, काय अपेक्षा घेऊन आलात हेही तेवढंच काम करतं. म्हणूनच पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी तीच गाळतात.

प्रश्न. एकच प्रश्न, वहीत लिहून, आडवं व्हायच्या आधी. हो-नाही वाला नको, “कधी होईल” वाला नको, दुसऱ्याच्या मनात काय आहे हा तर अजिबात नको. माझ्या वहीतलं एक पान सांगते. काम सोडू का धरून ठेवू यात अडकले होते तेव्हा प्रश्न लिहिला होता “मी पुढे काय करू?” आणि खालची नोंद अशी: “कासव. पाठमोरं. मी विचारतेय, ते पाला खातंय. परत विचारलं. खातंय. पाला संपला, दुसऱ्या झाडाकडे गेलं. इशारा.” एवढंच! मी भयंकर वैतागले होते. दोन आठवड्यांनी प्रश्न बदलून लिहिला, “मला घाई कशाची झालीये?” आणि तेच कासव आलं, पण यावेळी माझ्याच पाठीवर बसलेलं, आणि जड इतकं की उठल्यावरही खांदे दुखत होते. कळायचं ते कळलं. आता दुसरी बाजू, मागची पानं चाळताना दिसलं की पहिल्या कासवाच्या दोन दिवस आधी मी कासवांवरची डॉक्युमेंटरी बघितली होती :) म्हणून त्या दिवशी आणि आदल्या दिवशी काय बघितलं, काय वाचलं, कोणाशी भांडलात हे पण वहीत टाका. कासव कुठून आलं हे कळलं म्हणून ते पाठीवर का बसलं हा प्रश्न सुटत नाही, पण स्वतःला फसवणं जरा कमी होतं.

आता प्रत्यक्ष. खोलीत अंधार करा, डोळ्यांवर रुमाल टाका, पाठीवर झोपा, आणि झोप लागत असेल तर एक हात कोपरातून उभा धरा, डुलकी लागली की तो पडतो आणि जाग येते. मी पहिल्या तिन्ही वेळा घोरले होते, म्हणून ही युक्ती. डफ सुरू झाला की प्रश्न मनात तीनदा म्हणा आणि मग जमिनीत शिरायची एखादी जागा डोळ्यांसमोर आणा, तुम्ही खरंच बघितलेली हवी, झाडाच्या मुळाशी असलेली पोकळी, गुहा, विहीर, झरा, काहीही. कल्पनेतली शोधत बसलात की सगळा वेळ इंटिरियर डेकोरेशनमध्ये जातो. आत शिरा, उतरत जा. मध्ये बोगद्यासारखं काही लागतं, अडथळा आला तर वळसा घाला. खाली जे उघडतं त्याला खालचं जग म्हणतात, आणि तो नरक वगैरे अजिबात नाही, बहुतेकांना जंगल, नदी, माळरान असलंच काहीतरी दिसतं. वरचं जगही असतं, त्याला झाड, डोंगर, धूर धरून वर जायचं, पण सुरुवात खालूनच करा, सोपं जातं.

एखादा प्राणी भेटला तर प्रश्न विचारा, आणि तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या बाजूंनी दिसतो का बघा, हार्नरच्या पद्धतीत चार वेळा दिसला तर तो तुमचा सोबती प्राणी धरतात. दात विचकून अंगावर येत असेल तर बाजूने निघून जा, तिथे शौर्य दाखवायची गरज नाही. लांडगा, गरुड, वाघच यावा असा हट्ट तर मुळीच धरू नका, माझ्या ओळखीतल्या एकाला घूस आली आणि तो महिनाभर नाराज होता.

काही दिसलंच नाही तर? काही लोकांना डोळे मिटले की चित्रंच येत नाहीत, त्यांना आवाज येतात, वास येतो, अंगाला थंडी लागते, किंवा नुसतं ‘कळतं’. तेही चालतं. आणि “हे मी बनवतोय की खरंच येतंय” ही शंका सगळ्यांना येते, तिला तेवढ्या वेळापुरतं बाहेर चपलांपाशी बसवा, नंतर वहीवर हवी तेवढी चिकित्सा करा.

परतीचा इशारा झाला की आहे तिथून निघायचं, गोष्ट अर्धी राहिली तरी. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने, त्याच भोकातून वर. मी एकदा “अजून थोडं बघू” म्हणून इशाऱ्यानंतर तिथेच रेंगाळले आणि संध्याकाळपर्यंत डोकं कापसासारखं, दोनदा गॅस चालू ठेवून विसरले. वर आलात की बोटं हलवा, कुशीवर वळून उठा, पाय जमिनीवर टेकवा, पाणी प्या आणि फोनला हात लावायच्या आधी लिहा, वर्तमानकाळात, तुटक वाक्यांत. अर्थ लावायचा तो दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी लावलेला अर्थ आपल्याला जे ऐकायचं असतं तोच निघतो, निदान माझा तरी. नेटवर ‘कासव दिसण्याचा अर्थ’ शोधू नका, ते कासव तुमच्याशी काय वागलं तेवढंच बघा.

आठवड्यातून एकदा पुरे. रोज जावंसं वाटायला लागलं किंवा प्रत्येक बारीक निर्णय तिकडे विचारून घ्यावासा वाटला तर महिनाभर वही कपाटात.

शिकवणारा शोधत असाल तर एक खूण सांगते. एका वर्कशॉपमध्ये मला पहिल्या अर्ध्या तासात सांगण्यात आलं की माझ्या आत्म्याचा एक तुकडा लहानपणीच हरवलाय आणि तो आणायला अजून तीन सेशन्स लागतील, पैसे वेगळे. हरवलेला आत्मा परत आणणं ही कल्पना सायबेरियापासून अमेझॉनपर्यंत खरोखर आहे, त्यात काही खोटं नाही, पण आधी घाबरवायचं आणि मग उपाय विकायचा हा धंदा ओळखू येतो. मी चहाच्या सुट्टीत चप्पल घालून निघून आले.

आणि स्वतःचा डफ घ्यायलाच हवा का, हे हमखास विचारतात. नाही. एखादा मित्र किंवा मैत्रीण वाजवायला तयार असेल तर रेकॉर्डिंगपेक्षा फार छान होतं, एका बाजूने कातडं ताणलेला कुठलाही डफ चालतो, फक्त घड्याळ त्यांच्यासमोर ठेवा आणि आळीपाळीने करा, कारण त्या वेगात दहा मिनिटं वाजवलं की हात असा भरून येतो की पुढच्या वेळी ते फोनच उचलत नाहीत.