फायटर मासा पाळताय? आधी पाणी तयार करा

दुकानात फायटर म्हणजेच बेटा मासा इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत दिसतो, म्हणून त्याला तेवढंच पाणी पुरतं असा समज झाला आहे. थायलंडच्या भातखाचरांत आणि उथळ पाणथळींत वाढणारा हा मासा पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. त्यामुळे तो वाईट पाण्यातही काही काळ तग धरतो, एवढंच. स्वतःच्याच मैल्यातून होणाऱ्या अमोनियापुढे त्याचा इलाज चालत नाही.

म्हणून निदान 15 ते 20 लिटरची टाकी घ्या. वर झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो. एका टाकीत एकच नर. हवा सौम्य सोडणारा स्पंज फिल्टर लावा. जोराच्या प्रवाहात त्याचे लांब पर त्याला थकवतात. पाण्याचं तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस हवं. पुण्या-नाशिकच्या हिवाळी रात्रींत त्यासाठी हीटर लागतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते मासा आणण्याआधीचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तेव्हा अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाका. फिल्टर सुरू करा आणि रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकीत सोडा. खाद्य कुजून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. हे जिवाणू स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात, त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर टिकले, की मासा आणा. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो.

नंतर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळीने तळाच्या खड्यांतला मैला ओढून घ्या. बादलीत तपकिरी गाळ उतरताना दिसेल. स्पंज त्याच बादलीतल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकी पूर्ण रिकामी करून घासूनपुसून काढायची सवय तर अजिबात नको. नवं पाणी अँटी-क्लोरीन घालून, टाकीइतकंच कोमट करून हळूहळू ओता. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार जवळपास उरत नाहीत.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन गोळ्याच. आठवड्यातून एक दिवस उपास. उरलेली गोळी लगेच काढा.

आपल्याकडे रस्त्याकडेला वाढणाऱ्या देशी बदामाचं गळून वाळलेलं तपकिरी पान इथे कामी येतं. फवारणी किंवा धूर नसलेल्या जागचं घ्या, धुऊन टाकीत सोडा. पाण्याला चहासारखा रंग येतो, आणि फायटरला तसं पाणी मानवतं.

पर मिटून मासा तळाशी बसला, किंवा परांच्या कडा विरू लागल्या, तर औषधाच्या बाटलीआधी टेस्ट किट उघडा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पर भरून येताना कडेला पारदर्शक पापुद्रा दिसतो. तो आजार नव्हे, नवा पर आहे; तेव्हा औषध टाकू नका.