टीव्हीवर शोध मांडून आलात? आता या चुका टाळा

टीव्हीवरच्या कार्यक्रमात गुंतवणूकदारांसमोर आपला शोध मांडून आलेल्या माणसाला घरचे, मित्र, पुरवठादार सगळे एकच विचारतात: डील झाली का, म्हणजे कुणी पैसे गुंतवायला तयार झालं का? त्या दिवशी याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांच्यामध्ये बहुधा काही महिने जातात. धंदा सावरतो किंवा बिघडतो तो त्या महिन्यांत आणि प्रक्षेपणानंतरच्या काही आठवड्यांत. वस्तू चांगली, माणसं मेहनती आणि तरीही दुकान बंद, असं झालं की फार हळहळ वाटते. कारण यातल्या बऱ्याच चुका आधीच ओळखता येतात.

पडद्यावरच्या होकाराच्या जोरावर खर्च

कॅमेऱ्यासमोर हातात हात दिला म्हणून व्यवहार पूर्ण होत नाही. त्यानंतर गुंतवणूकदाराची माणसं कागद तपासायला बसतात: विक्रीचे आकडे, कर, जुनी कर्जं, पेटंट कुणाच्या नावावर आहे. ‘फोर्ब्स’ या उद्योगविषयक मासिकाने 2016 मध्ये अमेरिकेतल्या ‘शार्क टँक’ या अशाच कार्यक्रमाच्या पहिल्या सात सीझनमध्ये डील मिळवलेल्या 237 उद्योगांशी बोलून आढावा घेतला. सुमारे 43 टक्के डील पुढे झाल्याच नव्हत्या. झालेल्यांपैकीही अनेकांच्या अटी बदलल्या होत्या.

तेव्हा पैसे खात्यात येईपर्यंत नवा साचा, मोठी जागा, नवी भरती, यांतलं काहीही त्या पैशांच्या भरवशावर करू नका. बोलणी अडकली असतील तर आधी आपलीच फाइल उघडा. पेटंट कंपनीऐवजी संस्थापकाच्या नावावर आहे का? सोडून गेलेल्या भागीदाराचा हिस्सा कागदावर मिटवला आहे का? कार्यक्रमात बोललेला विक्रीचा आकडा हिशेबाच्या वहीशी जुळतो का? या तीन गोष्टी तपासणी सुरू होण्याआधीच नीट करून ठेवा. या काळात दुसऱ्या गुंतवणूकदारांशी बोलायचं नाही, अशी अट आली तर ती किती दिवस लागू राहील याची तारीख लिहून घ्या. तारीख नसेल तर तुम्ही नुसतेच थांबून राहता.

कार्यक्रमाचा करार न वाचता सही

‘शार्क टँक’च्या सुरुवातीच्या सीझनमध्ये नुसतं सहभागी होण्याच्या बदल्यात निर्मात्यांना कंपनीचा 5 टक्के हिस्सा किंवा नफ्यातले 2 टक्के देण्याचं कलम होतं. कार्यक्रमातले गुंतवणूकदार मार्क क्यूबन यांनी आग्रह धरल्यावर 2013 मध्ये ते निघालं. आजचा तुमचा करार वेगळा असेल, पण हिस्सा, गुप्तता आणि कार्यक्रमाचं नाव जाहिरातीत वापरण्याची परवानगी ही तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्याच.

आधी दाखवणं, मग संरक्षण शोधणं

सगळ्यांत महाग पडते ती ही चूक, कारण ती मागाहून दुरुस्त होत नाही. प्रक्षेपण म्हणजे जगासमोर शोध उघड करणं. अमेरिकेत त्यानंतर पेटंटचा अर्ज करायला एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात असं उघड केल्यावर पेटंटची वाट बहुतेक बंदच होते आणि भारतातही अपवाद मोजके आहेत. अर्ज कार्यक्रमाआधी करा. पहिल्या अर्जानंतर 12 महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज केला तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. त्या मुदतीत कुठे विकायचं ते ठरवता येतं.

अर्ज केला म्हणजे झालं, असंही नाही. मुलांना बसून ओढता येणारी ‘ट्रंकी’ ही बॅग 2006 मध्ये ‘ड्रॅगन्स डेन’ या ब्रिटनमधल्या अशाच कार्यक्रमात आली. परीक्षक थिओ पॅफिटिस यांनी पट्टा ओढला आणि तो निखळला. डील झाली नाही, तरी बॅग पुढे भरपूर खपली. मग तशाच कल्पनेवरची स्वस्त बॅग बाजारात आली. डिझाइनची नोंदणी असूनही 2016 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ‘ट्रंकी’चे मालक हरले. नोंदणीसाठी त्यांनी संगणकावर तयार केलेल्या, राखाडी छटांच्या त्रिमितीय प्रतिमा दिल्या होत्या. त्यामुळे तुलना नुसत्या आकाराची झाली नाही. शिंगांच्या प्राण्यासारखं एकूण रूप आणि मुख्य भाग व चाकं यांच्या रंगांतला फरकही हिशेबात धरला गेला. कल्पना हुशारीची आहे हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण डिझाइनची नोंदणी कल्पनेला संरक्षण देत नाही, असंही सांगितलं. मला हा निकाल वाचून फार वाईट वाटतं. नोंदणीसाठी फक्त आकार दाखवणाऱ्या साध्या रेषाचित्रांचा वेगळा अर्जही करायचा का, हा प्रश्न आपल्या सल्लागाराला जरूर विचारा.

नक्कल बाजारात आलीच असेल तर चिडून पोस्ट टाकण्याआधी ती वस्तू विकत घ्या, पावती व फोटो ठेवा आणि नोंदणी क्रमांकासह विक्री संकेतस्थळाकडे तक्रार करा.

ऑर्डरींचा पूर आणि रिकामं गोदाम

‘स्क्रब डॅडी’ या स्पंजला 2012 मध्ये ‘शार्क टँक’मध्ये गुंतवणूकदार लोरी ग्रायनर यांची साथ मिळाली आणि नंतर क्यूव्हीसी या खरेदी वाहिनीवर काही मिनिटांत हजारो स्पंज संपले. सगळ्यांना हीच गोष्ट आठवते. भाड्याने खेळणी पाठवणाऱ्या ‘टॉयगारू’लाही त्याच कार्यक्रमात गुंतवणूकदार मिळाले होते, ग्राहकही वाढले. पण जड खेळणी पाठवण्या-आणण्याचा खर्च झेपला नाही आणि 2012 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एका ऑर्डरीमागे तोटा होत असेल तर हजार ऑर्डरी येणं हे संकटच आहे.

प्रक्षेपणाआधी वाहतूक, परत आलेला माल आणि पेमेंटचं शुल्क धरून एका नगाचा हिशेब मांडा. संकेतस्थळावर त्या रात्रीपुरतं हलकं, गर्दीतही पटकन उघडणारं पान ठेवा. पेमेंट कंपनीला आधी कळवा, नाहीतर एकदम वाढलेली विक्री संशयास्पद वाटून ती तुमचे पैसे रोखून धरू शकते. साठा संपला तर विक्री थांबवा आणि फक्त नाव-ईमेल घ्या. उशीर होणारच असेल तर ग्राहकाने विचारण्याआधी नवी तारीख कळवा आणि रद्द करण्याचा पर्याय द्या.

सिद्ध न झालेला दावा

फोनला जोडून श्वासातलं मद्य मोजणाऱ्या ‘ब्रेथोमीटर’मध्ये 2013 मध्ये ‘शार्क टँक’च्या पाचही शार्कनी, म्हणजे गुंतवणूकदारांनी, मिळून 10 लाख डॉलर देऊ केले होते. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने अचूकतेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला. एक उपकरण मद्याचं प्रमाण कमी दाखवत असल्याचं माहीत असूनही विक्री चालू ठेवल्याचा आरोप होता. 2017 च्या तडजोडीत ग्राहकांना पैसे परत देणं कबूल करावं लागलं. तुमची वस्तू आरोग्याशी किंवा सुरक्षिततेशी संबंधित असेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत तो दावा पडद्यावर करूच नका. दोष नंतर कळला तर त्याच दिवशी विक्री बंद करा.

नकार मिळाला म्हणून तयारी सोडणं

जेमी सिमिनॉफ 2013 मध्ये ‘डोअरबॉट’ ही कॅमेऱ्याची दारघंटी घेऊन ‘शार्क टँक’मध्ये आले होते. 10 टक्के हिश्श्याला 7 लाख डॉलर मागितले आणि डीलशिवाय परत गेले. तीच कंपनी ‘रिंग’ नावाने वाढली आणि 2018 मध्ये ॲमेझॉनने घेतली. प्रक्षेपण नकाराचंही होतं आणि लोक तेव्हाही वस्तू शोधतात. म्हणून साठा, संकेतस्थळ, ग्राहकसेवा सगळं डील झाल्यासारखंच तयार ठेवा. परीक्षकांनी काढलेला दोष दुरुस्त केला असेल तर ते पहिल्याच पानावर लिहा. कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपणही होतं, बहुधा तुम्हाला न कळवता, तेव्हा जुना वेबपत्ता बंद करू नका. नाव बदललं असेल तरी तो नव्या पानाकडे वळवून ठेवा.