शिंगाड्याची पानं पिवळी दिसली म्हणून बोडीत युरिया फेकू नका

पोळा ते दसरा हा काळ जपण्याचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या बोड्यांत (शेतातल्या छोट्या तळ्यांत) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाड्याचा वेल पसरतो तो याच दिवसांत, आणि रोहू-कटला मासे पोट वर करून तरंगताना दिसतात तेही याच दिवसांत. बहुतेक वेळा शेजाऱ्याने विष कालवलं असा संशय घेतला जातो. पाळीवर (तळ्याच्या बांधावर) जरा शोधलं तर युरियाची रिकामी पिशवी सापडते, चार दिवसांपूर्वीची.

चार दिवस लागतात म्हणूनच दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. युरिया पाण्यात पडला की लगेच काही होत नाही. तीन ते पाच दिवसांत त्याचा अमोनिया होतो. हा अमोनिया माशाला मारेल की नाही, हे पाण्याच्या सामूवर (पीएचवर) ठरतं. पाणी ३० अंशांवर असेल तर सामू ७ ला एकूण अमोनियातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ ला साधारण ७ भाग, ८.५ ला २० आणि ९ ला जवळपास ४५ भाग विषारी होतात. सामू दोनने चढला की तेच खत पन्नास पटीने घातक.

सामू बघणारेही फसतात, कारण ते सकाळी बघतात. सकाळी ७.५ येतो आणि मन निवांत होतं. हिरवट पाण्यातलं शेवाळ दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी तीनला त्याच बोडीचा सामू ९ वर जाऊन बसतो. तेव्हा नियम एकच धरा: दुपारी तीनचा सामू पाहिल्याशिवाय खताची पिशवी फोडायची नाही. ८.५ च्या वर असेल तर त्या आठवड्यात नत्राचं (नायट्रोजनच्या खताचं) नावही काढू नका. सामूच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. थेंबांचं किट असेल तर अधिक नेमकं कळतं.

हिशेब करून पाहा. एक गुंठा बोडी, मीटरभर खोल, म्हणजे साधारण १ लाख लिटर पाणी. एवढ्या पाण्यात १०० ग्रॅम काहीही विरघळलं की ते लिटरला १ मिलिग्रॅम होतं. हा आकडा पाठच करा, पुढे सगळीकडे लागेल. आता गुंठ्याला १ किलो युरिया, म्हणजे ‘दोन मुठी’ म्हणून सर्रास पडतो तेवढा. त्यात ४६० ग्रॅम नत्र, लिटरला ४.६ मिलिग्रॅम. निम्मं शेवाळाने आणि वेलाने खाल्लं तरी सामू ९ ला विषारी अमोनिया १ मिलिग्रॅमच्या घरात जातो. माशांसाठी तो ०.०५ च्या आत हवा.

मत्स्यशेतीच्या शिफारशीत हेक्टरी वर्षाला २०० किलो युरिया आणि २५० ते ३०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट सांगतात, तेही हप्त्याहप्त्याने. गुंठ्याला महिन्याकाठी युरिया येतो १७० ग्रॅमच्या आसपास. मूठ आणि शिफारस यांत एवढं अंतर आहे. शिवाय ती शिफारस उघड्या पाण्याची, शेवाळ वाढवून माशाला खाद्य करण्यासाठीची आहे. शिंगाड्याच्या बोडीत शेवाळ वाढवायचं नसतं, वेल पोसायचा असतो. म्हणून खत पाण्याला नको, मुळाला हवं.

धानाच्या बांधीत (भातखाचरात) युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या खताच्या गोळ्या, खोचणाऱ्यांना ही रीत नवी नाही. तीच २.७ ग्रॅमची ब्रिकेट इथे चालते. वेलाच्या बुडाशी हाताने किंवा बांबूच्या पोकळ नळीने ७ ते १० सेंटिमीटर गाळात दाबायची आणि वरून गाळ बोटाने बंद करायचा. ही शेवटची कृती विसरली की ब्रिकेट भोकातून पाण्यातच विरघळते आणि सगळी मेहनत वाया. मीटर-मीटरवर वेल असतील तर गुंठ्याला शंभर ब्रिकेट, २७० ग्रॅम. त्यातलं सगळं नत्र पाण्यात सुटलं तरी लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत राहतं. वेलाला एक, तीन आठवड्यांनी दुसरी, पुढे फुलं लागल्यावर नत्र बंद. हे वेळापत्रक कागदावरच्या शिफारशीचं नाही, अनुभवाचा अंदाज आहे. तुमच्या बोडीचा गाळ काळा आणि भुसभुशीत असेल तर दुसरी ब्रिकेटही लागणार नाही.

ब्रिकेट मिळाली नाही तर बोडीतलाच चिकट गाळ घ्या, लिंबाएवढा गोळा करा, मध्ये अर्धा चहाचा चमचा युरिया-डीएपी भरून घट्ट वळा. गोळे त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवले की पाझरतात.

आता पिवळेपणाकडे. सगळा पिवळेपणा नत्राचा नसतो. शिंगाड्याच्या पानांची चकती हातात उचलून पाहा: बाहेरची पानं जुनी, मधली कोवळी.

बाहेरची पानं सगळीकडून फिकी, चकती लहान, देठ बारीक: नत्र कमी.

बाहेरच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, मधला भाग हिरवा: पालाश (पोटॅश) कमी. गुंठ्याला १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश गोळ्यांतून, किंवा ०-०-५० हे विरघळणारं पालाश खत लिटरला ५ ग्रॅम पानांवर. एवढ्या मात्रेने माशांना धक्का नाही.

पानं लहान, गडद, वाढ खुंटलेली: स्फुरद (फॉस्फरस) कमी. सिंगल सुपर फॉस्फेट गोळ्यातून. लाल जातीच्या शिंगाड्याचे देठ मुळातच तांबूस असतात, तो रंग पाहून खत टाकू नका.

मधली कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह कमी. इथे युरियाने काहीच साधत नाही. तरी पडतो तो युरियाच, कारण घरात तोच असतो.

पानं जाळीदार, भोकाभोकांची, मग तपकिरी: ही कमतरता नव्हे, शिंगाडा भुंगा आहे. पानावर अंडी आणि अळ्या बघा. ती पानं खुडून पाण्याबाहेर न्या, पुरा. सायपरमेथ्रिनसारखं सिंथेटिक पायरेथ्रॉइड मासे असलेल्या बोडीवर थेंबभरही नको. निंबोळी अर्कही बादलीने ओतायचा नाही.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) चांगलं, पण पाण्यात टाकून नव्हे. पाण्यात पडलं की ते गंजासारखं होऊन खाली बसतं, ऑक्सिजन खातं, स्फुरद बांधून ठेवतं आणि तो गाळ माशांच्या कल्ल्यांत अडकतो. लिटरला ५ ग्रॅम घेऊन पानांवर बारीक फवारा, सकाळी लवकर, वारा नसताना. एकरी २०० लिटर फवाऱ्यात हिराकस जातं १ किलो. सगळं निथळून मीटरभर खोल पाण्यात गेलं तरी लिटरला पाव मिलिग्रॅम. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. दुकानात चिलेटेड लोह घ्या म्हणतील. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर फार टिकत नाही आणि आपल्या बोडीचा सामू त्याच्या वरच असतो. त्यामुळे ते पाण्यात ओतायला चढ्या भावाने घेण्यात अर्थ नाही.

‘सगळंच कमी असेल’ म्हणून दिलं जाणारं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण हा दुसरा सापळा. फवारणीच्या ग्रेड २ च्या पाकिटावर मागे छापलेलं वाचा: जस्त ३ टक्के, तांबं १ टक्का. पिकाला ठीक, माशाला दोन्ही घातक, आणि मऊ पाण्यात तर जास्तच. शेवाळावर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका असं सांगणाऱ्याला आधी पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) किती ते विचारा. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर मोरचुदाला हात लावू नका. १९-१९-१९ हे मिश्रखत तर पाण्यात विरघळणारं, म्हणजे पहिला घास शेवाळाचा, आणि चढणाऱ्या सामूचं बिल तुमच्या नावावर. अमोनिया झाल्यावर मग तो शोषणारी झिओलाइट भुकटी विकायला तेच दुकानदार येतात. एकरभर मीटर खोल पाण्यात १ मिलिग्रॅम म्हणजे ४ किलो अमोनिया. तो दहा किलोच्या पिशवीने शोषला जात नाही.

चुना आणि युरिया यांत किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा. कळीचा चुना सामू एकदम उडवतो आणि पाण्यात आधीच असलेला अमोनिया विषारी करतो. कोवळी पानं मुरडतात, पाणी फार मऊ आहे, असं असेल तर चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइट थोडं थोडं द्या.

पानांनी पाणी झाकलं की धोका बाजू बदलतो. सावलीमुळे शेवाळ मरतं, दुपारचा सामू उतरतो, पण वारा पाण्याला लागत नाही आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो. तेव्हा पहाटे पाचला बॅटरी घेऊन पाळीवर या. मासे वर तोंड काढून गपगप करत असतील आणि नऊपर्यंत खाली जात असतील तर ऑक्सिजन कमी आहे. दुपारी, ऊन असताना, सैरावैरा पळत तडफडत असतील आणि सामू चढलेला असेल तर अमोनिया. दोन्हींत पहिलं काम एकच: खत, शेण, खाद्य तात्काळ बंद आणि ताजं पाणी. ताजं पाणी नसेल तर पंपाने बोडीचंच पाणी उचलून फळीवर आपटा, पाणी फुटून शिंतोडे उडायला हवेत. गाळ ढवळू नका.

ढगाळ हवामान सलग दोन दिवस राहिलं तर ब्रिकेटसुद्धा थांबवा. श्रावण-भाद्रपदात हेच सगळ्यात जास्त मोडलं जातं, कारण उघडीप मिळेपर्यंत हात शिवशिवतात.

नेहमीची कामं:
- पाण्याचा किमान तिसरा भाग मोकळा, दोन-तीन मीटरचे पट्टे
- दाट चकत्या विरळ करणे
- पांढरी-काळी थाळी सोडून पारदर्शकता बघणे, २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर खत बंद
- कच्चं शेण नको, कुजलेलंच
- झाकलेल्या बोडीत पुढच्या वर्षी मागूर, शिंगी, मरळ हे हवेतूनही श्वास घेणारे मासे
- पहिली तोडणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान

रोवणी होऊन बांधीला युरियाचा हप्ता दिला की बांधीचं तोंड पाच दिवस बंद ठेवा. जोराच्या पावसात ते पाणी सरळ बोडीत उतरतं. तुम्ही बोडीत चिमूटभर खत टाकलेलं नसतं, तरी चौथ्या दिवशी मासे वर येतात. वरच्या शेतकऱ्याच्या बांधीचं पाणीही त्याच वाटेने येतं, तेव्हा त्याच्याशी हप्त्याच्या दिवसाबद्दल आधीच बोलून ठेवा. शेवटची तोडणी झाल्यावर वेल पाण्यात कुजू देऊ नका. डोंग्यात ओढून पाळीपलीकडे टाका, उन्हाळी भाज्यांच्या वाफ्यांना उत्तम खत होतं.