केसवही तक्रारीनुसार लावा, निदानानुसार नको

केसवही म्हणजे डॉक्टरने शिकण्यासाठी ठेवलेली, स्वतः पाहिलेल्या रुग्णांची वही. मण्यार चावल्याची केस त्या वहीत ‘सर्पदंश’ या पानावर लिहिली, तर ती ऐनवेळी आठवत नाही. कारण पुढचा रुग्ण साप चावला म्हणून येतच नाही. पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणून येतो. शाहूवाडी-राधानगरीकडचा, रात्री जमिनीवर झोपलेला, दंशाची खूण नाही, फक्त पापण्या जडावलेल्या. ही केस ‘पोटदुखी’खालीच हवी. अनुक्रमणिका रुग्णाच्या तोंडच्या शब्दांची करा: ताप, पोटदुखी, चक्कर, दम.

दोनशेपानी वही पुरते. डाव्या पानावर वय, केसपेपरचा नंबर (नाव नको), गाव, काम, आजाराचा कितवा दिवस. खाली रिपोर्ट येण्याआधीच दोन अंदाज, शाईने. रिपोर्ट पाहून लिहिलेला अंदाज कवडीमोल. उत्तर कळलं की ‘वाटलंच होतं’ असं सगळ्यांनाच वाटतं.

उजवं पान शेवटासाठी. सातव्या दिवशी फोन करा. बहुतेक वह्या इथंच मरतात. परत न आलेला रुग्ण बरा झाला असं आपण धरून चालतो, आणि तो कदाचित कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात ॲडमिट असतो. रेफर केलेल्यांच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवून घ्या.

तापाच्या पानांवर जास्त मेहनत घ्या. डेंग्यूचे चार रुग्ण लागोपाठ पाहिले की पाचवाही डेंग्यूच दिसतो, त्यात प्लेटलेट कमी असल्या की संशयच संपतो. पण त्या लेप्टो (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) यांमध्येही उतरतात. 2019 किंवा 2021 सारखा पंचगंगेचा पूर येऊन गेला असेल, तर पाण्यात उतरल्याची तारीख लिहा; लेप्टोचा ताप 2 ते 30 दिवसांत कधीही येतो. पोटऱ्या दाबून पाहा, लेप्टोत त्या दुखतात. स्क्रबमध्ये चाव्याच्या जागी येणारी काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली लपते, कपडे न काढता सापडत नाही. ‘खपली नाही’ आणि ‘पाहिलं नाही’ हे वेगवेगळं लिहा. जागा कोरी सोडली तर महिन्याभराने दोन्ही सारखंच वाटतं.

कोणत्या केस घ्यायच्या? चकवलेल्या, रेफर केलेल्या, आणि शिवाय दर दहावी, कितीही साधी असो. नाहीतर वही दुर्मिळ आजारांचं प्रदर्शन होते आणि साध्या सर्दीतही तेच दिसू लागतात.

महिन्यातून एकदा उजवं पान झाकून पुन्हा अंदाज करा. चुकलं तर का, ते एका ओळीत: विचारलं नाही, पाहिलं नाही, की सुचलंच नाही.