ताडोबात पिल्लांसोबतची वाघीण दिसली तर फोटो कसे काढायचे

पिल्लं सोबत असलेली वाघीण दिसली की सफारीच्या उघड्या जिप्सीतल्या सगळ्यांचे हात थरथरायला लागतात, माझे अजूनही थरथरतात, आणि त्या पहिल्या दोन मिनिटांत काढलेले बहुतेक फोटो घरी आल्यावर डिलीटच होतात. म्हणून सेटिंगच्या आधी एक गोष्ट सांगतो. वाघीण निवांत असेल तरच फोटो मिळतात, ती बिथरली की पिल्लं गवतात अशी दडून बसतात की तुमच्याकडे कितीही मोठी लेन्स असली तरी फोटोत नुसतं गवतच येतं. पुढचं सगळं तिला निवांत राहू देण्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी गाईडला विचारा की पिल्लं किती महिन्यांची आहेत. जन्मतात तेव्हा त्यांचे डोळेही उघडलेले नसतात, पहिले साधारण दोन महिने आई त्यांना दाट बांबूत, कपारीत, नाल्याच्या काठाला कुठेतरी लपवून ठेवते आणि जरा धोका वाटला की एकेकाला तोंडात धरून दुसरीकडे हलवते. या काळात फोटोचा विषयच डोक्यातून काढून टाका. कुणी म्हणालं ना की मला जागा माहितीये, जरा आत घेतो गाडी, तर सरळ नाही म्हणायचं, कारण त्या वयात एकदा जागा हलवायला लागणं म्हणजे पिल्लांच्या जिवाशी खेळ आहे. दोन महिन्यांनंतर ती आईच्या मागे शिकारीपर्यंत यायला लागतात, पाच-सहा महिन्यांत दूध सुटतं, आणि दीड-दोन वर्षांची झाली की वेगळी होतात. माझ्या मते फोटोसाठी सगळ्यात भारी वय चार ते दहा महिने, तेव्हा ती आईच्या अंगावर चढतात, शेपूट चावतात, एकमेकांना पाडतात, आणि आईच्या शेजारी उभी राहिली की लहान-मोठं हे एका नजरेत कळतं. वर्षाच्या पुढे गेली की आकार इतका जवळ येतो की फोटो बघणारा विचारतो यातली आई कोण.

कधी जायचं? कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि एरवी मंगळवारी सुट्टी असते, ते बघूनच बुकिंग करा. थंडी सुरू होताना गवत उंच असतं, वाघ दिसणं कठीण, पण दिसला तर उजेड मऊ आणि मागे हिरवं. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूरचं ऊन अंग भाजून काढतं पण पिल्लांना बघायचं तर हेच दिवस, कारण आई त्यांना घेऊन पाणवठ्यावर येतेच येते. तिथे गाडी सावलीत लावून इंजिन बंद करून बसा. चितळाचा कॉल, सांबराचा कॉल, वानराचं खाकरणं हे वाघ जवळ असल्याचे इशारे ऐकत रहा, गाडी पळवत दहा ठिकाणी शोधण्यापेक्षा एका पाणवठ्यावर दीड तास बसलेल्यांना जास्त मिळालेलं मी बघितलंय. आणि रस्त्यावरच्या धुळीकडे लक्ष ठेवा, मोठ्या पावलाच्या ठशाच्या बाजूला छोटे ठसे ताजे दिसले तर तिथेच थांबायचं.

मागच्या मे मधलं सांगतो. वाघीण पाण्याशी आली, वळली, आणि आधी मागचे पाय, मग शेपूट असं उलटं उलटं पाण्यात बसली, वाघ बरेचदा असेच बसतात. तीन पिल्लं होती. दोन धपाधप पाण्यात, तिसरं मात्र काठावर पंजा ओला करून झटकतंय, परत ओला करतंय, परत झटकतंय. आईने त्याच्याकडे बघून नाकातून फुर्रर्र असा हलका आवाज काढला, ते आलं, तिच्या गालाला गाल घासला आणि मग पाण्यात उतरलं. हा क्षण मी घेतला पण आई शार्प आणि पिल्लू ब्लर! अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ वर होतं; हा आकडा वाढला की भोक लहान होतं आणि पुढून मागे जास्त भाग शार्प येतो.

त्याचं गणित सोपं आहे. फुल फ्रेम कॅमेरा, ४०० एमएम लेन्स, समोर २० मीटरवर वाघीण आणि एफ ५.६, तर पुढून मागे जेमतेम ८० सेंटीमीटरचा भाग शार्प येतो. एफ ८ ला सव्वा मीटरच्या आसपास, एफ ११ ला दीड मीटरच्या थोडा पुढे. एकट्या वाघासाठी ५.६ छान, पण आई आणि पिल्लू दोघांचे डोळे पाहिजेत तर एफ ८ च्या खाली जाऊ नका, उजेड असेल तर ११ करा, आणि शक्यतो दोघं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील तो क्षण धरा. अपर्चर लहान केल्यावर उजेड कमी होतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढू द्या, ऑटो आयएसओ लावून ठेवा, थोडा ग्रेन चालतो पण हललेलं पिल्लू नाही चालत. शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, चालत्या वाघिणीला १/५०० सेकंद, खेळणाऱ्या पिल्लांना १/१००० किंवा वर, पाणी उडवत पळतायत तर १/२०००. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्येच काढा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, थोडं कमी ठेवा, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप, कारण वाघाच्या गालाचा आणि छातीचा पांढरा भाग उन्हात पटकन जळतो. डोळा पकडणारा ऑटोफोकस मोकळ्यात मस्त चालतो पण बांबूच्या मागे असेल तर तो काडीवर जाऊन बसतो, तिथे फोकसचा एकच बिंदू, म्हणजे सिंगल पॉइंट, घेऊन स्वतः डोळ्यावर ठेवा. लेन्स १००-४०० किंवा १५०-६०० सारखी झूमच बरी, कारण तिसरं पिल्लू कुठून येईल सांगता येत नाही आणि धुळीत लेन्स बदलायची नाही. ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी, तांदूळ नाहीतर डाळ भरलेली बीन बॅग दांड्यावर ठेवा. उभं राहून वरून काढू नका, सीटवर बसून जितकं खाली जाता येईल तितकं जा, वाघाच्या नजरेच्या पातळीवर फोटो जिवंत होतो. फ्लॅश अजिबात नाही. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणजे कॅमेरा बंद पडला तर हाताशी दुसरं काही नसतं, त्यामुळे जादाची बॅटरी आणि रिकामं कार्ड आदल्या रात्रीच बघून ठेवा.

फ्रेम करताना नुसती पिल्लं कापून घेऊ नका. पिल्लू एकटं गोड दिसतं खरं पण आई कुठे बघतेय, तिचा कान कुठे वळलाय, यात खरी गोष्ट असते. ती पुढे चालत निघाली तर मागूनही एक फोटो घ्या, कानांच्या मागचे पांढरे ठिपके आणि मागे रांगेत पिल्लं, लोक हा फोटो सोडूनच देतात.

आता तिच्याकडे बघायला शिका. कान सपाट झाले, शेपटीचं टोक झटके द्यायला लागलं, गुरगुरली, किंवा गाडीकडे टक लावून थांबली तर कॅमेरा खाली घ्या आणि ड्रायव्हरला हळू मागे घ्यायला सांगा. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि पिल्लू दुसऱ्या बाजूला असेल तर मध्ये गाडी कधीच नाही, ती ज्या वाटेने जातेय त्या वाटेवरही नाही. नियमाप्रमाणे निदान २० मीटर अंतर आणि प्राण्याला घेरायला मनाई आहे, पण पिल्लं असतील तर मी तर म्हणतो दुप्पट ठेवा. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ या नावाने ओळखली जाणारी वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंनी जिप्सींमध्ये अडकली होती, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि ड्रायव्हर निलंबित झाले. पण मागे बसून अजून थोडं पुढे घ्या ना म्हणणारे आपणच असतो ना. ड्रायव्हरला जवळ घ्यायला सांगू नका, जवळ नेण्यासाठी टिप तर अजिबात देऊ नका. उलट गाडी लांब ठेवली म्हणून टिप द्या, मी देतो.

हे एवढं कळकळीने लिहितोय कारण वाघिणीचं पिल्लू मोठं होणं ही फार अवघड गोष्ट आहे, बरीचशी आधीच जातात, नवा नर त्या भागात आला तर तो मारतो. पेंचच्या मध्य प्रदेशातल्या बाजूची कॉलरवाली वाघीण आठ वेळा व्यायली, २९ पिल्लं, जानेवारी २०२२ मध्ये ती गेली तेव्हा लोकांनी तिला हार घालून निरोप दिला.

घरी आल्यावर फोटो लगेच टाकू नका. पिल्लं लहान असतील तर पाणवठ्याचं नाव, रस्त्याचं नाव काहीच लिहायचं नाही, फोटोतलं लोकेशन काढून टाका, दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते आणि शिकाऱ्यालाही आयता पत्ता मिळतो.

आणि जमलं तर प्रत्येक पिल्लाची डावी आणि उजवी अशा दोन्ही कुशींचा एक एक साधा फोटो काढून ठेवा, कलात्मक नसला तरी चालेल, पट्टे स्पष्ट दिसले पाहिजेत. पट्ट्यांवरूनच वाघाची ओळख पटते, आणि दोन्ही बाजूंचे पट्टे वेगवेगळे असतात म्हणून एका बाजूने काम होत नाही. ते फोटो तारखेसकट गाईडला द्या. त्या काठावर पंजा झटकणाऱ्या पिल्लाच्या डाव्या खांद्यावर इंग्रजी वायसारखा पट्टा आहे, मी तो फोटो वहीत चिकटवून ठेवलाय आणि या ऑक्टोबरला गेट उघडलं की पहिल्याच सफारीला सोबत नेणारे.